दहावीच्या निकालाची वाट पाहू नका

(तालुक्याच्या गावी महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा हा संपादित मजकूर.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत हिंसाचार आहे, जमिनीवरचा हक्क आहे, रेशन आहे, दारूबंदी आहे. त्यात मध्येच 'कॉलेज-प्रवेशाची तयारी' हा विषय पाहून काही जणींना नवल वाटलं असेल. हे तर शाळेचं काम, संघटनेने यात कशाला पडायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. निवृत्तीनंतर आपल्या संघटनेच्या सल्ला केंद्रात बसू लागले. तिथे येणाऱ्या बायकांच्या कहाण्यांमध्ये एक वाक्य सारखं येतं, "मला पुढे शिकायचं होतं, पण राहून गेलं." हे 'राहून गेलं' म्हणजे नेमकं काय झालं, ते मी खोदून विचारू लागले. पूर्वी घरात सरळ सांगत, मुलीला शिकवून काय करायचं? आता असं तोंडावर फारसं कुणी म्हणत नाही. आता म्हणतात, "तारीख निघून गेली." "दाखला वेळेत मिळाला नाही." "यादीत नाव लागलं नाही." "कॉलेज लांब पडतं." नकार तोच आहे, त्याने कपडे बदलले आहेत. आणि या नकाराशी भांडता येत नाही, कारण तो कुणीच दिलेला नसतो!

आता आकडे पाहा. २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यात मुली उत्तीर्ण होण्याचं प्रमाण ९६.१४ टक्के होतं, मुलांचं ९२.३१ टक्के. बारावीला मुली ९४.५८ टक्के, मुलं ८९.५१ टक्के. म्हणजे पास होण्यात आपल्या मुली मागे नाहीत. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असं दिसलं, की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ वर्षं पुरी होण्याआधीच झालं होतं. पाचातली एक! हे दोन्ही आकडे एकाच महाराष्ट्रातले आहेत. शाळा मुलीला पास करते आणि शाळेच्या फाटकाबाहेर तिला कुणी धरून ठेवत नाही.

धोक्याचा काळ कोणता? निकाल लागल्यापासून प्रवेश पक्का होईपर्यंतचे दिवस. हेच दिवस लग्नसराईचे, हेच खरिपाच्या तयारीचे. ऊसतोडीची उचलही अनेक ठिकाणी याच्या आगेमागे घेतली जाते. घरात पैसा नसतो, कागद सापडत नाहीत, आणि कुणीतरी पाहुणा 'चांगलं स्थळ' घेऊन येतो. ज्या घरात मुलीची पुढची वाट आधीच ठरलेली असते, तिथे त्या स्थळाला "तिचा अमुक ठिकाणी प्रवेश आहे" असं उत्तर देता येतं. जिथे काहीच ठरलेलं नसतं, तिथे मुलगी 'मोकळी' आहे असं धरलं जातं. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रवेशाची तयारी हा बालविवाह थांबवण्याचाच एक मार्ग आहे. मांडवात पोलीस घेऊन जाणं हा शेवटचा उपाय. आपल्याला त्याच्या तीन वर्षं आधी त्या घरी पोचायचं आहे.

आठवी ते बारावी: काय, केव्हा?

सुरुवात आठवीपासून. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. पण नववीतल्या मुलीच्या स्वतःच्या खात्यात पैसे जमा होतात, आणि ते शिकत राहिलं तरच मिळतात, याचा घरात फार उपयोग होतो. आपल्या वस्तीतल्या किती मुली या परीक्षेला बसल्या, एवढं तरी प्रत्येक गटाने शाळेत जाऊन विचारावं.

नववीचं वर्ष कागदांचं. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात ही शाळेच्या रजिस्टरमध्ये कशी लिहिली आहे ते पाहा. ती आधारकार्डाशी आणि जन्मदाखल्याशी जुळते का ते पाहा. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडतात. मुलगी शाळेत आहे तोवर ही दुरुस्ती शाळेमार्फत करणं सोपं असतं. एकदा दाखला हातात पडला आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर चूक छापली गेली, की विभागीय मंडळाच्या खेपा सुरू. याच वर्षी मुलीच्या नावाने बँकेत खातं काढून ते आधारशी जोडून घ्या. शिष्यवृत्त्या आता थेट खात्यात येतात.

चित्रकलेत हात असेल तर एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे जादा गुण दहावीला धरले जातात.

दहावीला गेल्यावर, दिवाळीच्या आसपास, पुढचे तीन रस्ते कागदावर लिहून काढा: अकरावी, तंत्रनिकेतन, आयटीआय. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची. ती झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, बारावी आणि सीईटी लागत नाही. हे आपल्या कितीतरी आयांना ठाऊकच नसतं. अकरावीचे प्रवेश पूर्वी फक्त मोठ्या शहरांत केंद्रीय पद्धतीने होत. २०२५-२६ पासून ते सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. म्हणजे गावातल्या ओळखीच्या कॉलेजात जाऊन नाव घालून येण्याचे दिवस संपले. त्या वर्षी अर्जात एक ते दहा कॉलेजांची पसंती द्यायची होती, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथेच प्रवेश घेणं भाग होतं, नाही तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. आता विचार करा. नेट कॅफेतला मुलगा घाईघाईने पसंतीक्रम भरून देतो आणि मुलीला बसच नसलेलं कॉलेज पहिलं लागतं. दोष कुणाचा? पसंतीक्रम हा निर्णय आहे. तो मुलीने आणि आईने घरी बसून, एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून करायचा आहे.

बारावीचं वर्ष तर अगदीच फसवं. आपण निकालाची वाट पाहत बसतो आणि अर्ज केव्हाच संपलेले असतात. २०२५ चं उदाहरण घ्या. वैद्यकीय प्रवेशाची नीट ४ मे रोजी झाली, तिचे अर्ज ७ मार्चला बंद झाले. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, शेतकी या शाखांची राज्याची सीईटी एप्रिलमध्ये झाली. बारावीचा निकाल त्यानंतर, मे महिन्यात! कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला सीईटी आहे, बी.एस्सी. नर्सिंगला आहे, २०२४ पासून बीबीए-बीसीएलाही आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून वेगळी सामायिक परीक्षा आहे. तेव्हा बारावीच्या मुलीच्या घरी आपण नोव्हेंबर-डिसेंबरातच जायला हवं, पेढ्यांच्या वेळी नव्हे. आणि राज्याच्या सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के वजन आहे. 'अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष' हा समज मुलींना महागात पडतो. त्या वर्षी घरकामही त्यांच्याच गळ्यात जास्त पडतं.

कागद म्हणजे बाप

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. प्रवेशाच्या प्रत्येक कागदावर बाप लागतो. जात बापाची, उत्पन्न बापाचं, रहिवास बापाचा, सही बापाची. ज्या बाईला नवऱ्याने टाकलं, जी मार खाऊन माहेरी आली, जिचा नवरा दुसरा संसार थाटून बसला, तिच्या मुलीने काय करायचं? आपल्या केंद्रात एक परित्यक्ता आली होती. मुलीला दहावीला उत्तम गुण. जातीच्या दाखल्यासाठी ती नवऱ्याच्या दारात गेली, तर तो म्हणाला, "पोटगीचा दावा मागे घे, मग कागद देतो." कोर्टात जे त्याला मिळालं नसतं, ते तो मुलीच्या प्रवेशाच्या तारखेवर वसूल करायला निघाला होता. हा हिंसाचार नाही तर काय?

यावर काय करता येतं, ते टिपून घ्या.

एक. जातीच्या दाखल्याला बापाचाच कागद हवा असं नाही, बापाकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा जुना पुरावा चालतो. आजोबांचा चालतो, चुलत्याचा चालतो आणि आत्याचाही चालतो. आत्या सासरी गेली तरी तिचा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा असतो. आम्ही या बाईच्या बाबतीत तेच केलं. नवरा नाही म्हणाला, पण नणंद उठून आली, ट्रंकेतला चौथीचा दाखला काढून दिला. बाईच बाईची वैरी म्हणणाऱ्यांना हे सांगा.

दोन. पुरावा किती जुना हवा हे जातीच्या वर्गावर ठरतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. एवढा जुना कागद शोधायला आजोबांच्या शाळेपर्यंत, कधी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. जून महिन्यात ते होत नाही. नववीत होतं.

तीन. आईबाप वेगळ्या जातींचे असतील आणि मुलीला आईनेच आपल्या समाजात वाढवलं असेल, तर तिला आईच्या जातीचा दावा करता येतो. मूल बापाच्याच जातीचं असतं हे गृहीत अंतिम नाही, वाढ कुठे आणि कशा परिस्थितीत झाली याचा पुरावा पाहावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई दभाई नायका खटल्यात सांगितलं आहे. ही लढाई लांब चालते, वकील मैत्रिणीची मदत लागते, पण दार बंद नाही.

चार. वेगळं राहणाऱ्या बाईने स्वतःचं रेशनकार्ड करून घ्यावं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री कुटुंबप्रमुख मानली आहे. कार्ड आपल्या नावाचं असलं, की उत्पन्नाचा दाखला आईच्या उत्पन्नावर मागताना हातात आधार राहतो.

पाच. मुदती. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला ठरावीक ३१ मार्चपर्यंतच चालतो, आदल्या वर्षीचा काढून ठेवलेला प्रवेशाच्या वेळी निकामी ठरू शकतो. जातवैधतेचं मात्र उलटं. तिला वेळ लागतो, म्हणून विज्ञान शाखेतल्या मुलीने अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत समितीकडे अर्ज करावा. वैधता नसेल तर राखीव जागेवर मिळालेला व्यावसायिक प्रवेशसुद्धा धोक्यात येतो. आणि कोणत्याही अर्जाची पोच घेतल्याशिवाय सेतूतून उठू नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घातली आहे, पण पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून?

आईच्या नावाबद्दल एक सांगते. १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये बंधनकारक केलं. त्यामागे स्त्रियांच्या चळवळीची कित्येक वर्षांची मागणी आहे. मात्र आईचं नाव कागदावर आलं म्हणून आईची सही पुरेशी ठरते असं अजून झालेलं नाही. ती पुढची मागणी आहे.

फुकट म्हणजे किती फुकट?

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी हे आहे. आधी ही माफी निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. मोठा निर्णय आहे, तो घरोघर पोचवायलाच हवा.

पण अटी वाचा. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला, तर माफी नाही. खाजगी अभिमत विद्यापीठात आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात माफी नाही. म्हणजे जिने सीईटीचा अर्ज वेळेत भरला नाही, तिच्यासाठी मोफत शिक्षण कागदावरच राहतं. शिवाय वसतिगृह, मेस, पुस्तकं, प्रवास आणि कॉलेजची इतर शुल्कं उरतातच. आईने या खर्चाचा हिशेब आधी मांडला नाही, तर मुलगी पहिल्या सत्रातच घरी परत येते. आपले बचत गट ट्रॅक्टरला, लग्नाला कर्ज देतात. मुलीच्या मेसला देतात का? गटाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मांडा.

विषय कोण निवडतं?

गणिताची शिक्षिका म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकरावीला गणित सोडलं, की अभियांत्रिकीचा रस्ता त्या दिवशी बंद होतो. जीवशास्त्र नसेल तर बी.एस्सी. नर्सिंगसुद्धा नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ मुली बाहेर पडल्या. त्या लेखी परीक्षेत गणिताचा स्वतंत्र पेपर असतो. सैन्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, असू द्यात. मुद्दा असा, की पंधरा वर्षांच्या मुलीने 'मला जमणार नाही' म्हणून सोडलेला विषय पुढची दहा दारं लावून घेतो, आणि हे तिला त्या वेळी कुणी सांगत नाही. भावाला खाजगी शिकवणी आणि बहिणीला "तू कला घे, जवळच्या कॉलेजात आहे," हे अजून चालतंच.

याचा अर्थ सगळ्यांना विज्ञानात ढकला असा नाही. कला शाखेतून कायदा आहे, शिक्षण आहे, समाजकार्य आहे, स्पर्धा परीक्षा आहेत. तिने कला शाखा निवडली असेल तर ती तिची निवड असू दे, बस थांब्याची नको. म्हणून मुलीलाच विचारा. आईबापांसमोर नको, एकटीला विचारा. आधी ती "घरचे म्हणतील ते" असं म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.

अंतराचा प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. एसटीत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंत आहे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलतही आहे. पण पास असून काय, संध्याकाळची गाडी नसेल तर? वसतिगृहाचा अर्ज प्रवेशापेक्षा वेगळा भरावा लागतो, जागा थोड्या असतात. आणि रस्त्यातल्या छेडछाडीचा उपाय मुलीला घरी बसवणं हा नाही. गाडी वेळेवर सुटावी, थांब्यावर दिवा असावा, म्हणून आगारप्रमुखाला निवेदन देणं हेही प्रवेशाचंच काम आहे.

आपण काय करायचं

सांगून थांबणार नाही, काम ठरवूया. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलींची वही करावी. तिच्यात सहा रकाने: नाव कागदोपत्री जुळतं का, जातीचा पुरावा कुठे आहे, उत्पन्नाचा दाखला कधीचा, खातं कुणाच्या नावावर, तिला काय शिकायचं आहे, घरात अडचण कोणती. पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ही वही उघडून घरोघर जायचं. तालुक्याला दोघी-तिघी तरुण मुलींना अर्ज भरायला शिकवायचं आणि पासवर्ड मुलीच्याच हातात ठेवायचा. ज्या मुली आज कॉलेजात आहेत, त्यांना नववीच्या वर्गात बोलायला न्यायचं. त्यांचं मुली जितकं ऐकतात, तितकं माझं ऐकत नाहीत. आणि कुठे लग्न ठरतंय असं कानावर आलं, तर १०९८ हा नंबर सगळ्यांना पाठ हवा.

सोबत सरकारकडे मागण्याही हव्यात. एकट्या आईच्या मुलीला आईच्या कागदांवर दाखले मिळावेत, दाखल्यांसाठी शाळेतच नववीत शिबिरं व्हावीत, प्रत्येक तालुक्याला मुलींचं वसतिगृह असावं, शेवटची गाडी कॉलेज सुटल्यानंतर असावी. निवेदनाचा मसुदा मी आणला आहे. दुपारच्या सत्रात तो वाचू, दुरुस्त करू आणि सह्या करू.

सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात शाळा चालवली, तेव्हा मुलींना घराबाहेर काढणं हेच काम होतं. आज मुली बाहेर आल्या आहेत, पास झाल्या आहेत. त्यांना कोणत्याही तारखेने, कोणत्याही कागदाने परत आत ढकलू नये, एवढं पाहणं आपल्याकडे आलं आहे. त्या कामाला वही, पेन आणि पोच पावती लागते. तेव्हा परवा घरी गेल्यावर पहिल्यांदा वही विकत घ्या.